उसना हात

मोरिवाकीने तिसऱ्यांदा बाही वर सारली आणि हात यंत्राच्या नळकांड्यात घातला. आतला पट्टा फुगला, दंड आवळला गेला, यंत्र क्षणभर विचारात पडलं आणि मग सैल झालं. बोटभर कागदाची चिठ्ठी बाहेर आली. वरचा दाब एकशे अठ्ठावीस, खालचा शहात्तर. चिठ्ठीकडे न बघताच त्याने ती खांद्यावरून मागे धरली. मागे उभ्या असलेल्या सेन्झाकीने ती घेतली, तिच्यावर पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलं आणि टेबलावरच्या डब्यात टाकली.

"गरम आहे अजून," सेन्झाकी म्हणाला.

"उद्या वर तीळ भुरभुरून देतो," मोरिवाकी म्हणाला.

रेडिओवरची कवायत संपून माणसं नुकतीच तंबूत रांगेला लागली होती. ओसाकाच्या आखातात भराव घालून केलेल्या जमिनीवर एक मोठं गोदाम उभं राहत होतं. साठीच्या पुढच्या प्रत्येक रोजंदारी माणसाने कामाला लागण्याआधी रक्तदाब मोजायचा, असा तिथे नियम होता. वरचा आकडा एकशे साठच्या आत असला तर हेल्मेट घालून आत, पुढे गेला तर त्या दिवशी घरी. आणि दोन-तीनदा घरी गेलेल्या माणसाला मुकादम पहाटेच्या गाडीत घेईनासा होई. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या कामावर एक म्हातारा चक्कर येऊन परांचीवरून पडला होता, तेव्हापासून हे यंत्र आलं. कंपनीला आपल्या कुंपणाच्या आत कोणी मरायला नको होतं. कुंपणाबाहेर त्या माणसाचं पुढे काय होतं, हे विचारायची सोय यंत्रात नव्हती.

मोरिवाकीचं वय सहासष्ट. बायको केव्हाच वेगळी झालेली, घर नाही, दातांतले निम्मे गेलेले. फाटकाशी झेंडा हलवून ट्रक आत-बाहेर करायचं त्याचं काम. जगात कोणी हेवा करावा असं त्याच्याकडे काही नव्हतं, आणि उतारवयात अचानक ते निघालं. पावसापाण्यात, थंडीत, झोप झालेली असो-नसो, त्याचा दाब एखाद्या कॉलेजातल्या पोरासारखा यायचा. ही बातमी रांगेत पसरायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. मग ज्याचा आकडा चढा, तो मोरिवाकीच्या मागे उभा राहू लागला. मोरिवाकी आधी आपली चिठ्ठी काढी, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. त्या बदल्यात दुपारी त्याच्या फाटकाशी नाणं टाकायच्या यंत्रातून काढलेले गोड कॉफीचे थंडगार डबे येऊन पडत. पैसे कोणी देऊ केले नाहीत आणि त्याने मागितलेही नसते. डबे मात्र तो आनंदाने प्यायचा, सगळेच्या सगळे. एवढी माणसं आपल्याला काही देऊ लागतात, ही गोष्ट त्याच्यासाठी नवी होती.

तंबूच्या तोंडाशी कंपनीची सुरक्षा-अधिकारी बसे. कुरामोची तिचं नाव, वय सव्वीस-सत्तावीस. एकच माणूस तीनतीनदा बाही वर करतो हे तिला दिसत नसेल, असं समजायला कोणीही भाबडं नव्हतं. पण ती त्या वेळी हजेरीत मान घालून असायची.

"काका, पाणी प्या हो भरपूर," ती मोरिवाकीला म्हणायची. "ऊन आहे."

"पितो की. पिऊन पिऊन वैताग आलाय."

ते खरंच होतं. दोन लिटरची बाटली दहाच्या आत रिकामी होई, आणि फाटक सोडून तो इतक्या वेळा कोपऱ्यातल्या संडासाकडे धावे की सेन्झाकीने त्याला 'मुतारीचा मुकादम' असं नाव ठेवलं होतं. सप्टेंबर सरत आला तरी उकाडा हटत नव्हता. त्याला वाटे, ऊन आणि वय, दुसरं काय असणार.

त्या मंगळवारी फाटकातून एक लांबलचक पांढरी गाडी आत आली. मोरिवाकीने झेंडा हलवून तिला कंपनीच्या कचेरीशी लावून दिली. वर्षातून एकदा ही गाडी यायची, कंपनीच्या पगारी माणसांच्या तपासणीसाठी. पांढऱ्या हेल्मेटची तरणीताठी पोरं उपाशीपोटी, तोंडं पाडून रांगेत उभी राहिली. त्यांतला एक इंजिनिअर गाडीतून उतरला तो दंडावरचा कापूस दाबत थेट फाटकाशी सिगारेट ओढायला आला.

"काय काय बघतात हो आत?" मोरिवाकीने विचारलं.

"काय बघत नाहीत ते विचारा. रक्त, लघवी, छातीचा फोटो, डोळ्याच्या आतला फोटो. गेल्या वर्षी साखर जराशी जास्त निघाली, तर आहाराच्या बाईने वर्षभर पिच्छा पुरवला. नूडल्सचं सूप पिऊ नका, रात्री भात कमी करा. बायकोलासुद्धा फोन!"

"नको म्हटलं तर?"

"चालतंय कुठे! सक्तीचं असतं ते." त्याने सिगारेट विझवली. "तुमची मजा आहे, काका. सकाळी एक चिठ्ठी काढली की झालं."

मोरिवाकी हसला. पोरगा वाईट नव्हता. शहराकडून सगळ्याच म्हाताऱ्यांना फुकट तपासणीचं कार्ड येतं, हे मोरिवाकी ऐकून होता. पण ते कार्ड पत्त्यावर येतं, आणि सरकारी दप्तरातला त्याचा पत्ता म्हणजे तोत्तोरीकडची, त्याने वीस वर्षांपूर्वी सोडलेली एक खोली होती. शिवाय तपासणी कामाच्या वारी, सकाळच्या वेळात. रोजंदारीच्या माणसाने त्यासाठी एक दिवस बुडवायचा म्हणजे आजार शोधायला पदरचं जेवण घालवायचं.

दुपारी काहीतरी वरून येऊन त्याच्या बुटाशेजारी वाळूत रुतलं. सळया बांधायचा लोखंडी हुक. वर तिसऱ्या माळ्याच्या परांचीवर सेन्झाकी वाकून बघत होता.

"मोरी! टाक वर!"

मोरिवाकीने हुक उचलला. सेन्झाकी चाळीस वर्षं सळया बांधत आला होता. हुक त्याच्या हातात गरगरत असे, बोलता बोलता, खाली न बघता. तो हातातून सुटलेला मोरिवाकीने आजवर पाहिला नव्हता.

"घाम!" वरून सेन्झाकी ओरडला. कोणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी निशिनारीतल्या त्यांच्या लॉजखालच्या खानावळीत दोघं बसले होते. सेन्झाकीपुढे भाजलेला बांगडा आणि मुळ्याचं लोणचं होतं. तो मुकादमाची नक्कल करत होता आणि नेहमीसारखी झकास करत होता. मध्येच जेवायच्या दोन काड्यांपैकी एक काडी त्याच्या बोटांतून निसटून ताटलीत पडली. त्याने ती उचलली, पुन्हा पडली. तो काहीतरी बोलला, पण शब्द तोंडात भिजल्यासारखे निघाले. घोटभर वेळ हे चाललं असेल. मग त्याने मूठ उघडमीट केली, काडी धरली आणि माशाचा डोळा काढून खाल्ला.

"काय बघतोस? तुला हवा होता का?"

"हाताला काय झालं?"

"हात झोपला. दिवसभर मी राबवतो त्याला. तुझ्यासारखा झेंडा नाही हलवत."

मोरिवाकी हसला नाही. सेन्झाकीचा खरा आकडा त्याने एकदाच पाहिला होता, यंत्र आलं त्या पहिल्या आठवड्यात. एकशे नव्वदच्या वर. नंतर तो आकडा कोणालाच दिसला नव्हता, कारण त्यावर रोज मोरिवाकीचा आकडा चिकटवलेला होता. हे त्याला इतके दिवस दोस्ती वाटत आलं होतं. आता बांगड्याचे काटे बाजूला लावणाऱ्या त्या हाताकडे बघताना त्याला पहिल्यांदा भीती वाटली. खरीखुरी.

दुसऱ्या दिवशी तंबूत मोरिवाकीने आपली एक चिठ्ठी काढली, नाव लिहून डब्यात टाकली आणि खुर्चीवरून उठला.

"अरे, माझी?" सेन्झाकी पुटपुटला.

"आज हात नाही."

"म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. तुझा घाल."

सेन्झाकीने आधी ती थट्टा समजली. मग त्याचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. "कॉफी कमी पडली का? का साहेबांच्या गाडीपाशी उभा राहून साहेब झालास? लोकांसमोर तोंडघशी पाडतोस मला?" कुरामोचीने पहिल्यांदाच हजेरीतून मान वर केली. आता दुसरा मार्गच उरला नव्हता. सेन्झाकी खुर्चीत बसला आणि कुस्तीला उतरावं तसा हात यंत्रात घातला.

एकशे शहाण्णव.

"काका, पाच मिनिटं बसा, पुन्हा बघू," कुरामोची म्हणाली. पुन्हा बघितलं. एकशे चौऱ्याण्णव.

"आज घरी जा," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि डॉक्टरकडे जा. त्यांचा कागद आणल्याशिवाय मला वर चढवता येणार नाही तुम्हाला."

"डॉक्टर!" सेन्झाकीने हेल्मेट टेबलावर आपटलं. "पोरी, उद्या मी दुसऱ्या मुकादमाच्या गाडीत बसेन. ओसाकात कामं काय थोडी आहेत? सगळीकडे काही तुझं यंत्र नाही." आणि तो तरातरा फाटकाकडे निघाला.

मोरिवाकीला पुढचं सगळं दिसत होतं. डॉक्टरकडे हा जाणार नाही. स्टेशनामागच्या उभ्याने प्यायच्या दुकानात जाईल, दुपारपर्यंत पीत बसेल आणि उद्या पहाटे कुठल्या तरी उंच जागी सळया बांधत असेल. खाली झेंडा घेऊन दुसराच कोणी उभा असेल. हात काढून घेणं सोपं होतं. घेतल्यावर काय, याचा विचार त्याने केलाच नव्हता.

तो कुरामोचीपुढे जाऊन उभा राहिला. "मला पुन्हा मोजायचंय. मघाशी यंत्र चुकलं असावं. मला बरं वाटत नाहीये."

"बसा."

एकशे एकतीस.

त्याने हाताकडे असं बघितलं, की जणू हातच फितूर झाला होता. मग तो कचेरीच्या लोखंडी जिन्याने धावत वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. धापा टाकत बसला. एकशे अठ्ठेचाळीस. रांगेतली माणसं आता उघड उघड बघत होती. कोणीतरी म्हणालं, "म्हातारा बिघडला." मोरिवाकीने सिमेंटची गोणी मिठी मारून उचलली, तंबूला एक फेरी घातली, गोणी टाकली, खुर्चीत बसला, श्वास कोंडला आणि बुटांतली बोटंसुद्धा आवळून धरली.

एकशे चौसष्ट.

कुरामोचीने चिठ्ठी हातात घेतली. "थोडं शांत बसलात तर उतरेल हा," ती म्हणाली.

"नको उतरायला."

तिने फाटकाकडे पाहिलं. सेन्झाकी पाठ करून बूट झटकत होता. बसची वाट त्याला माहीत नसावी, एरवी सगळे मुकादमाच्या गाडीतूनच यायचे-जायचे. कुरामोचीने चिठ्ठीवर मोरिवाकीचं नाव स्वतःच लिहिलं आणि ती डब्यात टाकली. "जा, काका. दोघंही जा."

सेन्झाकीने त्याला येताना पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"आता काय? माफी मागायला आलास?"

"मलाही काढलं," मोरिवाकी म्हणाला. त्याची धाप अजून ओसरली नव्हती. "एकशे चौसष्ट."

"कोणाचा?"

"माझाच. माझ्या हाताचा."

सेन्झाकी वळला. त्याने मोरिवाकीचा घामेजला चेहरा बघितला, आणि त्याचा सगळा राग एकदम पाण्यात पडल्यासारखा विझला. "तुझा?" तो म्हणाला. "अरे, तुझा कसा चढेल?" थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाला, "रोज चारचार जणांसाठी आवळून घ्यायचास. कुठलंही फडकं एवढं पिळलं तर फाटणारच. म्हणून आज नाही म्हणालास होय! तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

मोरिवाकी पुढे बघत चालत राहिला. खोटं बोलावं लागलं नाही, याचं त्याला बरं वाटलं.

बसमध्ये सेन्झाकीने त्याला खिडकीशी बसवलं. स्टेशनामागचं दारूचं दुकान उघडं होतं. सेन्झाकीने तिकडे पाहिलं, मग मोरिवाकीच्या दंडाला धरून त्याला पुढे काढलं, रस्ता ओलांडला आणि बंद शटरांच्या गल्लीतल्या त्या छोट्या दवाखान्याच्या दारात नेऊन उभं केलं. ज्यांच्याजवळ कार्ड नाही, पत्ता नाही, त्यांनाही तिथे बघत असत. सेन्झाकी गेली कित्येक वर्षं त्या दारावरून मान फिरवून जात आला होता.

"याला बघा," तो आत शिरत म्हणाला. "याचा दाब वाढलाय. चांगला माणूस आहे."

जाडजूड हातांची एक नर्स टेबलामागून उठली. पन्नाशीची असेल. "आणि तुम्ही?"

"मी याला घेऊन आलोय."

"आलाच आहात तर तुम्हीही बसा," ती म्हणाली. तिचं 'बसा' असं होतं की सेन्झाकी बसला.

नर्सने त्यालाच आधी बघितलं. मग डॉक्टरांनी आत बोलावलं, टॉर्चने डोळे बघितले, दोन्ही हातांनी बोटं घट्ट धरायला सांगितली, हातातून कधी काही सुटतं का ते विचारलं. कालचं ताटलीतलं मोरिवाकीने दाराबाहेरच्या बाकावरून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आजच मोठ्या इस्पितळात डोक्याचा फोटो काढायला जायचं, चिठ्ठी देतो, पैशांचं तिथे बोलून ठेवतो, आणि गोळी इथेच समोर घ्यायची. सेन्झाकीने गोळी घेतली. इतका वेळ तो एकदाही उलटून बोलला नाही. त्याचं सगळं लक्ष दाराबाहेरच्या बाकाकडे होतं. "त्याला बघा ना आता," तो मध्येमध्ये म्हणत होता.

नर्सने मोरिवाकीच्या दंडाला पट्टा बांधला.

"एकशे सव्वीस," ती म्हणाली. "तुमचा तर छान आहे."

सेन्झाकीने आकड्याकडे बघितलं, मग मोरिवाकीकडे. त्याच्या डोक्यात जिना, गोणी, धाप हे सगळं नसेल आलं, पण जे यायचं ते आलं. "भामट्या," तो म्हणाला. "मला फसवून आणलंस."

"आणलं," मोरिवाकी म्हणाला. आणि तो इतका खूश दिसत होता की सेन्झाकीला पुढची शिवी सुचेना.

मोरिवाकी उठून कोपऱ्यातल्या पाण्याच्या यंत्राकडे गेला. एक पेला प्यायला, दुसरा प्यायला, तिसरा भरला. नर्स पट्टा गुंडाळता गुंडाळता थांबली.

"आल्यापासून कितव्यांदा पिताय?"

"ऊन आहे ना."

"इथे गारवा आहे. आणि मघापासून दोनदा संडासला गेलात. नेहमीचं आहे का हे?"

"मुतारीचा मुकादम आहे तो," सेन्झाकी म्हणाला.

नर्स हसली नाही. "या इकडे. रक्त शेवटचं कधी तपासलं होतं?"

मोरिवाकी विचार करू लागला. "दाब रोज बघतात," तो म्हणाला.

"दाब ते स्वतःसाठी बघतात, काका. तुम्ही त्यांच्या आवारात पडू नये म्हणून." तिने त्याचं बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. हातातल्या लहानशा यंत्राने टिकटिक केलं. ती आकड्याकडे बघत राहिली. मग तिने खुर्ची पुढे ओढली. "आज खाल्लंय काय?"

"पहाटे भाताचा एक गोळा."

"गोड काही घेता का रोज?"

"गोड नाही खात मी. कॉफी घेतो. डब्यातली."

"किती?"

मोरिवाकी उत्तर द्यायला गेला आणि थांबला. त्याची नजर सेन्झाकीकडे गेली नाही, पण सेन्झाकीला ते थांबणंच पुरलं. रोज दुपारी फाटकाशी ठेवलेले ते डबे त्याने स्वतःच्या हातांनी नेऊन दिले होते. आपले आणि बाकीच्यांचेही गोळा करून. मोठ्या प्रेमाने, थंडातला थंड निवडून.

"साखर खूप आहे," नर्स म्हणाली. "एकदोन महिन्यांची नाही ही. पाय दाखवा बरं. बूट काढा." मोजा निघाला. करंगळीशेजारी काळपट झालेली जखम होती. मोरिवाकी तिच्याकडे असा बघत होता की जणू दुसऱ्याच कोणाचा पाय होता. "दुखत नाही?"

"नाही. दुखलं असतं तर सांगितलं असतं."

"दुखायला हवं होतं," ती म्हणाली. डॉक्टरांना हाक मारायला ती अर्धी उठली, मग पुन्हा बसली. "हात साबणाने धुवा. दुसऱ्या बोटाचं एकदा घेऊ. चुकलं असलं तर चुकलेलंच बरं."

मोरिवाकीने हात धुतले, पुसले, येऊन बसला. नर्सने नवी सुई काढली. तेवढ्यात टेबलावर आणखी एक हात येऊन पडला. सळयांच्या गंजाने चिरा काळ्या झालेला, नखं तुटकी, बोटं अजून पुरती सरळ न होणारी.

"सिस्टर," सेन्झाकी म्हणाला, "माझं घ्या. आणि याच्या नावावर लिहा."

नर्सने दोघांकडे पाहिलं. "इथे तसं नाही हो चालत, काका."

"ठाऊक आहे मला," सेन्झाकी म्हणाला. पण हात त्याने तिथून उचलला नाही. मोरिवाकीने तो हलकेच बाजूला केला, टेबलाच्या कडेपर्यंत नेला, तिथे आपल्या डाव्या हाताखाली दाबून धरला आणि उजव्या हाताचं बोट नर्सपुढे केलं.